कागदांतले शब्द

१९६१ पूर्वीचे गोव्यातले जमिनीचे बहुतेक कागद पोर्तुगीजमध्ये आहेत. आमच्या घराचेही. ते वाचणारी जाणती माणसं एकेक करून चालली, म्हणून पंचेचाळिशीत मी मोबाइलवर पोर्तुगीज शब्द शिकायला घेतले.

ड्युओलिंगो खेळकर आहे, पण शिकवतं ब्राझीलची पोर्तुगीज. आणि 'आफोरामेंतु' म्हणजे कायमपट्ट्याने दिलेली जमीन, हा शब्द त्यात कुठून येणार? मी अँकीड्रॉइड निवडलं. ते फुकट आहे, आणि कार्डं आपणच बनवता येतात. विसरलेला शब्द लवकर समोर येतो, पाठ झालेला उशिरा. 'जनेल', 'चावी' तर आपल्या घरातच होते!

तुम्हीही जुन्या पेटीतल्या एखाद्या कागदापासून सुरुवात करून बघा. उद्या मुलांना तो वाचून कोण दाखवणार?