दुभाष्या

दुभाष्या या माणसाकडे इतिहासाने फारसे लक्ष दिलेले नाही. १६७४ साली शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडेन हा इंग्रजांचा वकील रायगडावर आला होता, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याच्याबरोबर नारायण शेणवी नावाचा दुभाष्या होता, हे किती जणांच्या लक्षात राहते? वास्तविक सगळी मदार त्याच्यावर! एकाचे बोलणे दुसऱ्याला जसेच्या तसे कळवायचे. त्यात पदरचे काही घालायचे नाही नि त्यातले काही गाळायचेही नाही. करून पाहा, म्हणजे कळेल.

गेल्या दिवाळीच्या आधी दोन महिने मी असाच एक दुभाष्या शोधत होतो. मात्र तो माणूस नव्हता. दोन बोटांएवढी एक विजेची पट्टी होती.

त्याचे असे झाले. आम्ही तिघे भाऊ. १९९३ साली कॅपकॉम या जपानी कंपनीने ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ नावाचा खेळ बाजारात आणला. एवढे लांबलचक नाव आमच्या गावात कोणी घेतल्याचे मला आठवत नाही. त्यातल्या एका चपळ गड्याचे नाव मुस्तफा, म्हणून खेळही मुस्तफा! स्टेशनमागच्या बोळातल्या पार्लरमध्ये रुपया टाकून आम्ही तो खेळत असू. तिघांना एकदम खेळता येई, हे त्याचे मोठे वैशिष्ट्य. मुस्तफा अर्थातच दादाचा. थोरलेपणाचे फायदे असतात.

दिवाळीला तिघेही माझ्याकडे जमणार, तेव्हा तो खेळ घरी मांडायचा असे मी ठरवले. जुन्या यंत्रांचे सोंग हुबेहूब वठवणारा ‘मेम’ नावाचा प्रोग्रॅम १९९७ पासून आहे. पण तो कीबोर्डवरून हुकूम घेतो. पहिल्या गड्याने बाणांच्या कळा दाबायच्या, दुसऱ्याने आर-एफ-डी-जी, तिसऱ्याने आय-जे-के-एल. एका कीबोर्डवर तीन पोक्त गृहस्थ म्हणजे एका पानावर तिघे जेवायला बसल्यासारखेच! म्हणून सुताराकडून प्लायवूडची फळी कापून घेतली, तिला तीस मिलिमीटरची भोके पाडून घेतली, दांड्या आणि बटणे बसवली. दांडीखाली चार बारीक स्विच असतात. दांडी जिकडे कलेल तिकडचा स्विच मिटतो. आता ‘स्विच मिटला’ हे संगणकाला ‘अमुक कळ दाबली’ अशा भाषेत सांगणारा कोणीतरी हवा. तोच कीबोर्ड एन्कोडर. तोच माझा दुभाष्या.

“माळ्यावरचा जुना कीबोर्ड फोडा की,” सौभाग्यवती म्हणाल्या. “फुकटात काम होईल.”

सूचना वाईट नव्हती. अनेक हौशी मंडळी तेच करतात. परंतु कीबोर्डाच्या पोटात आडव्याउभ्या तारांची जाळी असते. कळ दाबली की एक आडवी नि एक उभी तार जुळते. या जाळीत एखाद्या चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले की न दाबलेला चौथाही दाबल्यासारखा भासतो. या प्रकाराला त्या शास्त्रात चक्क भूत म्हणतात! भुताच्या भीतीने पुष्कळ कीबोर्ड मग ती तिसरी कळच मानत नाहीत. म्हणजे एक तर पदरचे घालायचे, नाही तर गाळायचे. प्रत्येक कळेला एकेक डायोड लावला तर भूत उतरते. पण जुन्या कीबोर्डात ते लावत कोण बसतो?

दुसरा उमेदवार स्वस्त होता. ‘झीरो डिले’ म्हणून पट्ट्या मिळतात, गड्यामागे एक. त्या कीबोर्ड नव्हे, गेमपॅड असल्याची बतावणी करतात. तीन सारख्या पट्ट्या लावल्या तर संगणक पुन्हा सुरू करताना त्यांचे क्रमांक बदलू शकतात. दादाला तिसरा नंबर मिळाला असता तर फराळ बाजूलाच राहिला असता.

तिसरा आय-पॅक. हा खानदानी, विलायती. प्रत्येक स्विचला त्याची स्वतंत्र तार, त्यामुळे भुताला जागाच नाही. त्याने माझे काम निश्चित केले असते, हे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तो सातासमुद्रापलीकडून यायचा!

शेवटी मी रास्पबेरी पाय पिको घेतली. तिला स्विच जोडण्याजोगे सव्वीस पाय आहेत. माझा हिशेब असा: तिघांच्या दांड्यांचे बारा स्विच, प्रत्येकी दोन बटणे म्हणून सहा, सुरुवातीची तीन, नाण्याची तीन, एकूण चोवीस. तिला शिकवावे मात्र लागते. यूएसबी कीबोर्डाच्या साध्या बोलीत शिफ्ट-कंट्रोलसारख्या कळा सोडल्या तर एका वेळी सहाच कळांची नावे सांगता येतात. दांडी तिरकी धरून दोन्ही बटणे दाबली की एका गड्याचे चार स्विच मिटतात, तिघांचे बारा! तेव्हा तिला सर्व कळांचा तक्ता एकदम पाठवणारी बोली शिकवली. शिवाय स्विच मिटताना क्षणभर थरथरतो, नि एका ठोशाचे चार ठोसे होऊ शकतात. म्हणून पाच मिलिसेकंद कानाडोळा करायलाही शिकवले. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे येतात. तेवढा उशीर कोणाला जाणवत नाही.

पंचविसावा पाय धाकट्यासाठी. या खेळात मारायचे नि उडीचे बटण एकदम दाबले की सभोवार घेरलेले सगळे शत्रू आडवे होतात. मुस्तफा दादाचा खरा, पण या जोडबटणाचा वस्ताद धाकटा. सहा वर्षांपूर्वी कारखान्यात पत्र्याच्या प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. उरलेल्यांत पूर्वीची ताकद नाही. खेळाचे बोलणे निघाले तेव्हा फोनवर तो म्हणाला होता, “तुम्ही दोघं खेळा, मी बघतो.” म्हणून त्याच्या बाजूला एक जादा बटण, अंगठ्याने दाबता येईल असे. ते दाबले की पिको दोन्ही कळा दाबल्याचे सांगते.

मी त्याला आधी काही बोललो नाही. नरकचतुर्दशीला, फराळ झाल्यावर, तिघे फळीपुढे बसलो. त्याने ते बटण पाहिले, एकदा दाबून पाहिले. पडद्यावरचे चार गुंड उताणे झाले. तो माझ्याकडे वळला नाही; फक्त खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली.

दहा मिनिटांनी दादाने खेळ थांबवला.

“हे बटण त्यालाच का?” तो म्हणाला. “माझे सांधे काय लोखंडाचे आहेत? आमच्यावर हा अन्याय आहे.”

एक पाय अजून शिल्लक होता. भाऊबीजेच्या सकाळी मी सुताराकडून ड्रिल मागून आणले.