निकाहाची सीडी आणि पिवळा त्रिकोण

आमच्या घरी तीन भाषा चालतात. घरात उर्दू, गल्लीत झाडीबोली आणि शाळेच्या फळ्यावर प्रमाण मराठी. कॉम्प्युटरची चौथी भाषा मला २०२० च्या रमजानमध्ये शिकावी लागली.

शाळा मार्चपासून बंद होत्या. ऑनलाइन शिकवायचे तर जुने विंडोज ७ चालणार नाही, असे भाच्याचे मत. त्याचेही बरोबर होते, कारण कंपनीने विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारीलाच थांबवली होती. भाचा नागपूरला शिकतो, तेव्हा आमच्याकडे लाखांदुरात अडकून पडला होता. "मामू, एका रात्रीत करून देतो," म्हणाला आणि केलेही. सकाळी सहरीला उठलो तर पडदा निळाशार, विंडोज १० तयार. फायली सगळ्या जागेवर. मीही खूश.

चार दिवसांनी अम्मी म्हणाली, "बेटा, वो निकाह की सीडी लगा ना." माझा निकाह २००५ चा. त्या काळात आमच्या भागात लग्नाचे शूटिंग व्हीसीडीवर मिळायचे, एका सीडीवर जेमतेम सव्वा तास, म्हणून दोन सीड्यांचा संच. अब्बांचा इंतकाल होऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती, आणि चालते-बोलते अब्बा फक्त त्या दोन सीड्यांत होते. मोबाइलवर त्यांचा एकही व्हिडिओ नाही. का काढला नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

सीडी घातली. ट्रे आत गेला, दिवा लुकलुकला आणि पुढे काही नाही. 'धिस पीसी'मध्ये सीडी ड्राइव्हचे चिन्हच गायब! दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याने न बघताच निकाल दिला, "सर, ड्राइव्ह गेली. लॉकडाउन उठलं की नवी टाकून देतो."

पण ट्रे उघडतो, दिवा लागतो, म्हणजे वीज पोचतेय. मशीन सुरू होताना बायोसमध्ये पाहिले तर तिथे ड्राइव्हचे नाव दिसत होते. मग ड्राइव्ह गेली कशी? बायोसला दिसते आणि विंडोजला दिसत नाही, तर खोट वरच्या मजल्यावर आहे. वर्गात पोरगा "हजर" म्हणतोय आणि हजेरीपटात नाव नाही, तसेच हे.

डिव्हाइस मॅनेजर उघडले. ड्राइव्हच्या नावापुढे पिवळा त्रिकोण, आत लिहिलेले, कोड १९. म्हणजे रजिस्ट्रीतली तिची नोंद बिघडलेली. आधी सोपा उपाय केला, ड्राइव्ह अनइन्स्टॉल करून मशीन रीस्टार्ट. त्रिकोण कायम. मग भाच्याने शोधले. सीडी जाळायची जुनी सॉफ्टवेअरे ड्राइव्ह आणि विंडोजच्या मध्ये आपला एक दलाल बसवतात, त्याला फिल्टर ड्रायव्हर म्हणतात. अपग्रेडमध्ये दलाल गेला, पण त्याचे नाव नोंदीत राहिले. विंडोज त्यालाच हाका मारत बसते आणि ड्राइव्ह सुरूच होत नाही.

रजिस्ट्री एडिटरमध्ये सिस्टीम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास असे उतरत गेलो. तिथे ४डी३६ई९६५ ने सुरू होणारी लांबलचक किल्ली सापडली. उजव्या बाजूला 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' अशा दोन नोंदी. दोन्ही पुसायच्या. पण कुणी करून पाहणार असेल तर ती किल्ली आधी एक्स्पोर्ट करून ठेवा आणि शेजारच्या किल्लीला हात लावू नका. सगळ्या सारख्याच दिसतात, चुकलात तर कीबोर्डही बंद पडू शकतो. आम्ही पुसले, रीस्टार्ट केले. चिन्ह परत आले.

पहिली सीडी लागली. अब्बा शेरवानीत, पाहुण्यांना पुढे बसवताहेत, काहीतरी बोलताहेत. ओठ हलतात आणि ऐकू येते सिनेमातले गाणे! शूटिंगवाल्याने सबंध सीडीवर गाणी चढवली होती. पंधरा वर्षांत हे कधी खटकले नव्हते. तेव्हा अब्बा बाजूला बसूनच बघत असायचे ना. अम्मी काही बोलली नाही.

दुसरी सीडी अर्ध्यावर अडकली. तिच्यावर मीच बॉलपेनने 'निकाह' लिहिले होते, दाबून. सीडीचा मजकूर चकाकत्या बाजूला नसतो, लेबलाच्या पातळ थराखाली असतो, हे तेव्हा कुठे ठाऊक! ओल्या मऊ कापडाने चकाकती बाजू मधून कडेकडे सरळ पुसली, गोल गोल नाही. एमपीईजीएव्ही फोल्डरमधली फाइल हार्डडिस्कवर उतरवताना दोनदा थांबली, तिसऱ्या खेपेला उतरली.

निकाहाच्या खुत्ब्यावर गाणे लावायची शूटिंगवाल्याची हिंमत झाली नसावी. तेवढा भाग मूळ आवाजात आहे. कुबूल झाले, दुआ झाली, आणि कॅमेऱ्याच्या मागून अब्बांचा आवाज, गल्लीतल्या बोलीत, "मांगच्याइले भेटला का रे खजूर?"

अम्मीने ते सहा-सात वेळा लावायला सांगितले. इफ्तारला वेळ होता, भाचा मागे-पुढे करत राहिला. नंतर ती फाइल दोन पेनड्राइव्हमध्ये घातली, एक माझ्याकडे, एक बहिणीकडे ब्रह्मपुरीला. सीड्या कपाटात आहेत, अम्मी त्या टाकू देत नाही.