गुडघ्याची वाटी आणि विहारातली खुर्ची



गेल्या वर्षी आषाढ पौर्णिमेला आमच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन सुरू झाले. त्रिसरण-पंचशील झाले, पंचांग प्रणामासाठी गुडघे टेकले आणि मला उठताच येईना. सुनेने काखेत हात घालून उठवले. सगळ्यांदेखत लाज वाटली.

दुखणे त्या दिवसाचे नव्हते. संगमनेरात २५ वर्षे विड्या वळल्या. मांडीवर सूप, पाय दुमडलेले, हजार पुऱ्या होईपर्यंत उठायचे नाही. उठताना वाटीमागे कळ यायची, जिना उतरताना करकर वाजायचे. शेजारीण म्हणाली, "बाहेरची बाधा असेल, उतारा टाक." बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात उतारा कसला! पण माझे शहाणपण तिथेच संपले. दोन महिने मेडिकलमधून दुखायच्या गोळ्या आणून खाल्ल्या. पोटात जळजळ सुरू झाली, गुडघा तसाच.

शेवटी सरकारी दवाखाना गाठला. हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावले. वाटीच्या आतून गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. पाय दुमडला की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. उकिडवे बसल्यावर हा दाब अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट होतो. मांडीचा पुढचा स्नायू कमजोर असला की वाटी सरळ सरकत नाही आणि अस्तर मऊ पडून झिजते. कूर्चेला रक्तपुरवठा नसतो, म्हणून ती सहज भरून येत नाही. साध्या एक्स-रेत ती दिसतही नाही. तेव्हा "फोटो चांगला आहे, बाई ढोंग करते," असे घरात कोणी म्हणू नये.

उपाय बिनपैशाचा आहे. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबावी, पाच अंक मोजून सोडावे. मग उताणे निजून एक पाय दुमडावा आणि दुसरा सरळ ठेवून फूटभर उचलावा. दोन्ही प्रकार दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. कळ वाढली तर थांबावे. वजन आटोक्यात ठेवावे. गुडघा सुजला, गरम लागला, अडकला किंवा चालताना दगा देऊ लागला तर डॉक्टरांकडे जावे.

अर्ध्या-अर्ध्या तासाने उठून पाय मोकळे करायलाही सांगितले होते. आमची मजुरी हजारावर. उठले की विड्या कमी, विड्या कमी की पैसे कमी. सुरुवातीला रोज शंभरभर विड्या कमी भरल्या. तेवढे सोसले, कारण गुडघाच गेला तर हजारही जातील.

वर्षावासाचे तीन महिने व्यायाम चुकवला नाही. आश्विन पौर्णिमेला विहाराचा जिना कळ न येता उतरले. गुडघे मात्र अजून टेकत नाही, खुर्चीवर बसून हात जोडते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेताना बाबासाहेबांच्या हातातही आधाराची काठी होती. मग आपण खुर्चीची लाज का बाळगावी?

आपल्या विहारात चार खुर्च्या ठेवा. घरात बसलेल्या कितीतरी आयाबाया वंदनेला येतील.