बोअरचं पाणी आणि मोली

तर मंडळी, पंधरा वर्षांनी घरात पुन्हा फिशटँक आलाय. जेमतेम ६० लिटरचा. निमित्त आई. बाबा गेल्यावर ती पुण्याला आमच्याकडे आली. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात, ती घरात एकटी.

सोसायटीत पाणी बोअरचं. खडकातून कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. डाळ लवकर शिजत नाही, नळांवर पांढरे थर. टेस्ट किटला रंग बदलायला १६ थेंब लागले, म्हणजे लिटरमागे साधारण २८५ मिलिग्रॅम कठीणता. ॲमेझॉनच्या मऊ पाण्यातल्या निऑन टेट्राला हे फारसं मानवत नाही. आरओ लावता आला असता, पण पाण्याशी भांडण्यापेक्षा पाण्याजोगे मासे आणलेले बरे! मेक्सिकोकडच्या मोलीला असंच जड पाणी लागतं.

आधी पाच आठवडे टँक माशांविना चालवला. रोज चिमूटभर खाणं टाकायचं, ते कुजून अमोनिया होतो. त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू वाढेपर्यंत थांबायचं. आई रोज विचारायची, "अरे, मासे कधी?"

आता तीन मोली आहेत. खाणं घालायचं खातं आईकडे. परवा मीटिंगमध्ये तिचा फोन, "काळीला पिल्लं झालीत, लपायला काहीतरी झाड आण येताना."

इतक्या महिन्यांत तिने स्वतःहून केलेला हा पहिला फोन.