कल्याण ते लेण्याद्री : दोन चाकांवरची वाट

वर्षावास संपला आणि पावसाने पाठ फिरवली, की आमच्या मंडळींना जुन्नरची ओढ लागते. कल्याण, उल्हासनगर, डोंबिवली आणि ठाणे येथून दहा-बारा मोटारसायकली एखाद्या रविवारी पहाटे शहाडला जमतात. त्यात महापालिकेचे सफाई कामगार असतात, रेल्वेतले बंधू असतात, ठेकेदाराकडे राबणारी तरुण पोरे असतात आणि आमच्यासारखी कारकून मंडळीही असतात. गाड्या बहुतेक शंभर-सव्वाशे सीसीच्या. एखादी दीडशेची, एखादी जुनी बुलेट. ह्याच गाडीवर आम्ही रोज कामावर जातो, हिच्यावरच गॅसची टाकी आणतो, मुलांना शाळेत सोडतो आणि वर्षातून एकदा हिच्यावरच माळशेज घाट चढतो.

ह्याच रस्त्याने मुंबईचे हौशी स्वारही जातात. अंगात जाडजूड जाकीट, गुडघ्याला कवच, गाडीला दोन्ही बाजूंनी पेट्या. त्यांच्या एका टायरची किंमत चार-पाच हजारांच्या घरात असते. त्यांचा आम्हाला हेवा वाटत नाही; उलट एक गोष्ट त्यांच्याकडून जरूर शिकावी असे वाटते. निघण्यापूर्वी हे लोक खाली बसून टायर पाहतात. आपली पोरे आरसा पुसतात, झेंडा नीट बांधतात, हॉर्न वाजवून बघतात, पण टायरकडे कोणी बघत नाही.

आमच्यात मात्र एक काका आहेत, कल्याणच्या लोकोशेडमधून निवृत्त झालेले फिटर. जन्मभर इंजिने तपासलेली, त्यामुळे नजर पक्की. शहाडला सगळे जमले की जयभीम घालून झाल्यावर काका खिशातून बॅटरी काढतात आणि एकेका चाकापाशी उकिडवे बसतात. गेल्या खेपेला एका तरुणाच्या मागच्या चाकावर बोट ठेवून ते म्हणाले, "बाळा, हा टायर घाटात न्यायचा नाही." पोरगा म्हणाला, "काका, नक्षी तर दिसतेय की." काकांनी त्याला नखाने ती खाच दाखवली. तिच्या कडा ताज्या आणि धारदार होत्या, तळाशी आतल्या धाग्यांची जाळी डोकावत होती. झिजून गुळगुळीत झालेल्या टायरवर गरम हत्याराने नव्या खाचा पाडून तो "सेकंडहँड पण चांगला" म्हणून पाचशे रुपयांत त्याच्या गळ्यात मारलेला होता. आधीच पातळ झालेल्या रबरात आणखी खोल कोरले, म्हणजे उरले काय? त्या दिवशी तो पोरगा दुसऱ्याच्या मागे बसून आला.

टायर खरा की खोटा, बरा की संपलेला, हे ओळखायला इंजिनिअर व्हावे लागत नाही. टायरच्या बाजूला टीडब्ल्यूआय ही तीन इंग्रजी अक्षरे किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा एक बारीक उंचवटा असतो. वरची नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला. कायद्याने दुचाकीच्या टायरला कमीत कमी 0.8 मिलिमीटर खाच असलीच पाहिजे. पण कायद्याच्या कडेवर चालणे एक आणि ओल्या घाटात वळणे दुसरे. आम्ही त्याच्या दुप्पट उरली की बदलायला लावतो. बाजूवरच एका लंबगोलात चार आकडे असतात. 2319 असे असेल तर तो टायर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. दुकानात कितीही चकचकीत दिसला तरी पाच-सहा वर्षे पडून राहिलेले रबर कडक होते, आणि कडक रबराला पकड नसते. पैसे मोजण्याआधी हे चार आकडे वाचून घ्यावेत. दुकानदार तोंड वाकडे करील, करू द्यावे.

शहाड सोडले की म्हारळ, कांबा ही गावे मागे पडतात आणि रायत्याचा पूल येतो. खाली उल्हास नदी. मोठ्या पुरात हा पूल पाण्याखाली जातो आणि मुरबाडकडची वाहतूक तुटते. पावसाळा संपल्यावर पुलाच्या दोन्ही अंगांना खडी, वाळू आणि खड्डे. खड्ड्यांबद्दल कल्याणकरांना कोणी सांगायला नको. 2018 च्या पावसाळ्यात आमच्या शहरात खड्ड्यांनी दुचाकीवरच्या माणसांचे जीव घेतले, त्यात आईच्या वयाच्या बायाही होत्या. रस्ता सुधारा म्हणून निवेदने देणे, मोर्चे काढणे हे चालूच राहील. पण निवेदनाला उत्तर येईपर्यंत आपल्याला त्याच रस्त्याने घरी यायचे असते.

रस्त्याला चिकटलेला टायर जेमतेम तळहाताएवढा असतो. पुढे एक तळहात, मागे एक तळहात. नवरा, बायको, पिशवी आणि गाडी ह्यांचा सगळा भरवसा ह्या दोन तळहातांवर. जरा हिशेब मांडू, आम्हा कारकुनांना त्याशिवाय चैन पडत नाही. गाडी 112 किलो, दोघे मिळून 130, सामान 10, झाले 252. ह्यातला मोठा वाटा मागच्या चाकावर. शंभर सीसीच्या गाडीच्या मागच्या टायरवर मापाच्या पुढे 54 असा आकडा असेल, तर तो टायर 212 किलोपर्यंत भार घेतो. म्हणजे दोघांना पुरतो. पण ही ताकद रबराची नसते, आतल्या हवेची असते. हवा कमी असेल तर टायर दर फेऱ्याला दबतो, फुगतो, तापतो आणि शेवटी आतले धागे सुटतात. पुढे टाकीवर एक मूल, मध्ये एक मूल असे चौघे बसून जाणारी कुटुंबे आम्ही रोज पाहतो. गरिबीची अडचण आम्हाला कळते, तिकिटाला चार माणसांचे पैसे लागतात हेही कळते. पण कायदा मागे एकाच माणसाला परवानगी देतो. चार वर्षांखालच्या मुलाला हेल्मेट आणि मोठ्या माणसाला बांधून ठेवणारा पट्टा लागतो आणि तेव्हा वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर नेता येत नाही, असा नियम 2023 पासून लागू आहे. जुन्नरला मुलांना न्यायचे तर आम्ही एसटीने नेतो. मोटारसायकलीवर दोघेच, आणि दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट. ताई साडीत आहेत म्हणून हेल्मेट नको, हे आमच्याकडे चालत नाही.

मुरबाडच्या एमआयडीसीच्या पुढे चहा होतो. पंक्चर झालेच तर इथेच बरे, पुढे दुकाने विरळ. ट्यूब असलेल्या टायरमध्ये खिळा गेला की हवा भसकन जाते आणि मागचे चाक साप वळवळल्यासारखे करते. अशा वेळी जोरात ब्रेक दाबू नये, हँडल घट्ट धरून गाडी आपोआप मंद होऊ द्यावी. ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू जाते, खिळा तसाच ठेवून दुकानापर्यंत जाता येते. म्हणून पैसे असतील तर ट्यूबलेस उत्तम. मात्र तारांच्या चाकात ट्यूबलेस घालण्याची घाई करू नये. तारांच्या भोकांतून हवा जाते, म्हणून अशा साध्या रिमला ट्यूबच लागते.

कोणता टायर घ्यावा, ह्यावर मुरबाडच्या चहावर नेहमी वाद होतो. तरुणांना रुंद टायर हवा असतो, गाडी दांडगी दिसते म्हणून. मापापेक्षा रुंद टायर अरुंद रिमवर चढवला की त्याचा माथा गोल होऊन जमिनीला कमी टेकतो, गाडी वळायला जड होते आणि पेट्रोलही जास्त पिते. कोणाला मोठ्या गोट्यांचा बटण टायर हवा असतो. घाटघरच्या चिखलात तो चांगला, पण आपली गाडी 365 दिवसांतले 360 दिवस काँक्रीट आणि डांबरावर चालते; तिथे त्या गोट्या आवाज करतात, लवकर झिजतात आणि ओल्या डांबरावर साध्या टायरपेक्षा लवकर सरकतात. मऊ रबर पकड देते पण झिजते, कडक रबर टिकते पण सरकते. आमचे मत असे, की पुस्तकात दिलेल्याच मापाचा, खोल आणि सलग खाचांचा साधा टायर घ्यावा. पुढचा आणि मागचा ह्यांत पैसे कमी पडत असतील तर पुढच्याकडे दुर्लक्ष करू नये. मागचे चाक घसरले तर गाडी कधी सावरते, पुढचे घसरले की माणूस खालीच. नवा टायर घातल्यावर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सबुरीने चालवावे, कारण त्याचा वरचा थर गुळगुळीत असतो.

आणखी एक समज आम्ही ठिकठिकाणी ऐकतो, की पावसात हवा कमी ठेवली म्हणजे पकड वाढते. हे उलटे आहे. हवा कमी झाली की खाचा दबतात, पाणी बाहेर जायला वाट राहत नाही आणि चाक पाण्यावर तरंगते. तसेच नायट्रोजनचे. साध्या हवेतच शंभरात 78 भाग नायट्रोजन असतो; वेगळे पैसे देण्यापेक्षा आठवड्याला एकदा थंड टायरची हवा मोजावी.

सरळगाव, टोकावडे गेले की उजव्या हाताला सह्याद्रीची भिंत उभी राहते. वैशाखरे गावापासून नाणेघाटाची पायवाट निघते. सातवाहनांच्या काळी कल्याणचे बंदर आणि जुन्नरची बाजारपेठ ह्यांना जोडणारी हीच वाट. पहिल्या शतकात एका ग्रीक प्रवाशाने लिहिलेल्या पेरिप्लसमध्ये कल्याणचे नाव आहे. घाटमाथ्यावरच्या गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे आणि जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण आहे. तिथे गाडीने जायचे तर जुन्नरहून घाटघरमार्गे जावे लागते. ह्या बाजूने पायीच.

माळशेज चढताना गाडी फारशी त्रास देत नाही, परीक्षा असते ती उतरताना. चढणीला इंजिन तापते, तेव्हा दुसऱ्या गिअरवर शांतपणे जावे आणि माथ्यावर दहा मिनिटे थांबावे. उतरताना मात्र कित्येकजण पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात. ह्याहून मोठा धोका नाही. सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रमचे लायनर तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक लागत नाही. ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरावे, इंजिनच गाडी धरून ठेवते. धुके असेल तर दिवा खालचा ठेवावा. धबधब्याखाली फोटो काढणाऱ्यांनी रस्त्यावर शेवाळ आणि पाणी असते हे लक्षात घ्यावे. त्या ठिकाणी आम्ही वाकून वळत नाही, गाडी सरळ ठेवूनच जातो.

बनकर फाट्याहून गणेश खिंडीतून जुन्नरला उतरतो आणि मग लेण्याद्री. कल्याणहून सुमारे सव्वाशे किलोमीटर झालेले असतात, पाठ भरून आलेली असते. पायऱ्या चढून चैत्यगृहात बसले की सगळा शीण उतरतो. ह्या चैत्यगृहावर लेख आहे : कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त ह्याचे हे दान. आपल्याच गावच्या माणसाचे! जुन्नरच्या इतर लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या, कासारांच्या आणि धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणींची नावे आहेत. इकडे ठाण्याजवळच्या कान्हेरीला तर कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिल्याचा लेख आहे. राजाने नव्हे, लोहाराने. काका तो लेख कान्हेरीला पाहून आले आहेत, ते म्हणतात, "तो आपल्या धंद्यातला माणूस."

परतताना दिवस मावळण्याआधी घाट उतरायचा, हा आमचा नियम. 1 जानेवारीला भीमा कोरेगावला जाणाऱ्या पोरांनाही आम्ही हेच सांगतो. ती रात्रभर ह्याच घाटातून आळेफाट्याकडे जातात, डोळ्यांत झोप, अंगात थंडी. निघण्याआधी चेन घट्ट नसावी आणि लोंबतही नसावी, बोटाने दाबली तर दोन-तीन सेंटिमीटर हलावी. दर पाचशे किलोमीटरला तिला तेल द्यावे. सीटखाली क्लचची एक जादा वायर, एक प्लग आणि पाना असावा. ह्याला पाच-सहाशे रुपयांच्या वर खर्च येत नाही.

टायरचे तसे नाही. शंभर सीसीच्या गाडीचा टायर ट्यूब आणि बसवणीसह दोन हजारांच्या पुढे जातो, आणि ठेकेदाराकडच्या पोराला ते एकदम जमत नाही. म्हणून तो पाचशेच्या खोट्या नक्षीकडे वळतो. ह्यावर आम्ही गेल्या वर्षी एक भिशी सुरू केली. बारा सभासद, महिना दोनशे. दर महिन्याला 2400 जमतात. ज्याची चिठ्ठी निघते त्याला रोख मिळत नाही, टायर मिळतो. काका दुकानात बरोबर जातात, चार आकडे वाचतात आणि जुना टायर तिथल्या तिथे कापून टाकायला लावतात, म्हणजे तो पुन्हा कोणाच्या गळ्यात पडू नये.

ह्या महिन्याची चिठ्ठी त्याच तरुणाची निघाली. त्याच्या मुलीची शाळेची फी थकली आहे, म्हणून त्याला रोख हवी होती. रविवारच्या बैठकीत बराच वाद झाला. शेवटी फीसाठी सहाजणांनी तीनशे-तीनशे काढून दिले, तीन महिन्यांत फेडायच्या बोलीवर, आणि सोमवारी संध्याकाळी काका त्याला घेऊन टायरच्या दुकानात गेले.