दोन खिडक्या

सोलापूरच्या दोशी घराण्यातील वालचंद हिराचंद यांनी १९४० साली बेंगळुरूत विमानांचा कारखाना उभारला. परंतु सोलापूरच्या सामान्य माणसाला विमानप्रवास दीर्घकाळ दूरचाच राहिला. ९ जून २०२५ रोजी सोलापूर-गोवा सेवा सुरू झाली आणि कुंभारीच्या एका निवृत्त गुरुजींनी गोव्यातील लेकीकडे विमानाने जाण्याचे ठरविले. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी पहिलाच विमानप्रवास! तेव्हा खिडकी हवीच. पण कोणत्या बाजूची?

गुरुजींनी हा प्रश्न गणितासारखा सोडवावयास घेतला. विमान पंख्यांचे, लहान. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंस दोन-दोन आसने. त्याचे पंख खिडक्यांच्या वर असल्याने खाली पाहताना आड येत नाहीत. मात्र मधल्या रांगांतून इंजिन आणि चाकेच दिसतात. म्हणून मागची रांग उत्तम. विमान सकाळी नैऋत्येकडे जाणार, म्हणजे ऊन डावीकडून येणार. उजवीकडून प्रदेश स्वच्छ दिसेल. धावपट्टी वायव्य-आग्नेय अशी आहे आणि कुंभारी तिच्या पूर्वेस. विमान वायव्येकडे उडाले तर गाव उजव्या हाताला येईल. होटगी रस्त्यावरून जाता-येता त्यांनी विमान त्याच दिशेने उडताना पाहिले होते. उत्तर निश्चित झाले : उजवी खिडकी. काकूंनाही खिडकी हवी होती; त्यांना त्याच रांगेतील डावी मिळाली.

गाव वरून पाहण्याच्या या ओढीमागे एक जुने शल्य होते. वाटणीनंतर जमीन दोन झाली, विहीर मात्र सामाईक राहिली. गुरुजी सोलापुरात राहावयास गेले. त्यांचा तुकडा उन्हाळ्याआधीच वाळे. धाकटा भाऊ सगळे पाणी आपल्या रानाकडे वळवितो, अशी त्यांची पक्की समजूत झाली. सहा वर्षे ते त्या बांधावर गेले नव्हते. दर पर्युषणात सर्वांना ‘उत्तम क्षमा’ म्हणणारे गुरुजी त्या एका दारापाशी थबकत. भावाचे हिरवे रान एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढेच मनात होते.

त्या दिवशी वारा बदललेला होता. विमान आग्नेयेकडे उडाले. गुरुजींच्या खिडकीतून अनोळखी रस्ते आणि पत्र्याची छपरे मागे सरकू लागली. गाव डावीकडे होते.

“अहो, रे नगरच्या घरांच्या रांगा दिसतायत!” काकू कपाळावर हात धरून उन्हात पाहत होत्या. “त्यांच्या अलीकडे आपलं रान.”

“आणि त्याचं?”

काकू क्षणभर थांबल्या. “भाऊजींचंही वाळलेलंच दिसतंय हो. दोन्हीकडे हिरवं असं काहीच नाही.”

विमान उजवीकडे वळले आणि काकूंच्या खिडकीत नुसते आकाश उरले. गुरुजींना खात्री करून घेण्याची सोय राहिली नाही. मंदिरातील स्वाध्यायात त्यांनी कितीदा सांगितले होते की प्रत्येक नय वस्तूचा एकच अंश दाखवितो. त्यालाच पूर्ण सत्य मानले की दुराग्रह जन्मतो. ती शिकवण आज काकूंच्या एका वाक्यात त्यांच्यापुढे उभी राहिली. सहा वर्षे ते एकाच खिडकीतून पाहत होते. आणि त्या खिडकीतून भावाचे रान दिसतच नव्हते.

पुढे सह्याद्रीचे कडे उजवीकडे स्वच्छ दिसले. गणित तेवढे बरोबर ठरले होते. परंतु गुरुजींचे लक्ष त्यात नव्हते.

मोपा विमानतळावर उतरताच त्यांनी लेकीच्याही आधी भावाला दूरध्वनी केला. बराच वेळ शब्द सुचेनात. अखेर त्यांनी विचारले, “विहिरीला पाणी किती उरलंय रे?”

परतीच्या प्रवासाची आसने निवडण्याचे काम त्यांनी काकूंकडे सोपविले.