पडद्यावर न दिसलेली सड

आमच्या देवगाव रंगारीत आल्याला अद्रक म्हणतात आणि कंदकुजीला नुसतं ‘सड’. ‘औंदा सड लागली’ एवढं कानावर आलं की घरातलं बाकीचं बोलणं थांबतं. महागाचं बेणं, शेणखत, गादीवाफे, ठिबक असा सगळा खर्च आधीच झालेला असतो, आणि सड येते ती ऐन पावसाळ्यात, पीक जोमात असताना.

मातीतल्या बुरशीचा डीएनए वाचणं आणि ते वाचन संशोधक विद्यार्थ्यांना शिकवणं हे माझं काम. पण या शिकवण्याचं मूळ माझ्या एका चुकीत आहे. संशोधनाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी काकांच्या सड लागलेल्या वावरातली माती तपासली होती. संगणकावर सापडलेल्या बुरशींचा तक्ता आला, वरच्या ओळीत फ्युजेरियम. मी लगेच काकांना फोन केला. त्यांनी माझ्या शब्दावर कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी केली. सड थांबली नाही; आठ दिवसांत खालचे आणखी वाफे पिवळे पडले. काका मला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “पोरी, पाणी तुंबलं की सड लागती, वरल्या वाफ्याला लागत नाही. तुमच्या मशीनीला हे दिसतं का?”

दिसत नव्हतं. का दिसत नव्हतं, हे शोधताना मी जे शिकले, तेच आता शिकवते.

बुरशी ओळखण्यासाठी आपण तिच्या डीएनएमधला आयटीएस नावाचा छोटा पट्टा वाचतो. आमच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात ज्या पॉल हेबर्ट यांच्या नावाचं डीएनए बारकोडिंग केंद्र आहे, त्यांनी २००३ मध्ये प्राण्यांसाठी एका जनुकाचा बारकोड सुचवला. बुरशीसाठी असा बारकोड म्हणून आयटीएसला मान्यता २०१२ मध्ये मिळाली. पट्टा वाचायचा आणि युनाइटसारख्या संदर्भसंग्रहाशी ताडून नाव लावायचं, अशी ही रीत. आज सुमारे दीड लाख बुरशींना नावं आहेत आणि अंदाज २२ ते ३८ लाख प्रजातींचा आहे. म्हणजे मूठभर मातीतल्या बऱ्याच ओळींपुढे ‘अनोळखी’ असंच येणार.

गेल्या पावसाळ्यातल्या पाच दिवसांच्या प्रशिक्षणात मी सरावाला काकांच्याच वावराचे १२ नमुने दिले. सहा खालच्या, सड लागलेल्या वाफ्यांचे. सहा वरच्या, निरोगी वाफ्यांचे. शिवाय माती न घालता सगळ्या प्रक्रियेतून नेलेल्या दोन कोऱ्या नळ्या.

पहिल्याच दिवशी एका गटाने सगळी वाचनं एकाच लांबीवर कापली. जिवाणूंच्या अभ्यासात ही सवय चालते. बुरशीचा आयटीएस मात्र कुणाचा आखूड, कुणाचा लांब असतो. सरसकट कापलं की कुठे आखूड पट्टे गळतात, कुठे लांब पट्ट्यांची टोकं जुळत नाहीत. म्हणून आधी दोन्ही टोकांचे प्रायमर, म्हणजे पट्टा पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे, काढायचे आणि लांबी निसर्गाने दिली तशी ठेवायची. तेवढ्या दुरुस्तीने त्यांच्या तक्त्यात गायब झालेल्या कितीतरी ओळी परत आल्या.

दुसऱ्या दिवशी एक विद्यार्थिनी आनंदाने उठली. प्रत्येक नमुन्यात तिला मालासेझिया सापडली होती. मी तिला कोऱ्या नळीची ओळ पाहायला सांगितलं. तिथेही तीच होती. मालासेझिया माणसाच्या कातडीवर राहणारी यीस्ट. माती नसलेल्या नळीतही ती आहे, तर ती बहुधा आपल्याच हातांनी आली. ती मुलगी बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, माझ्या प्रबंधाच्या नमुन्यांत मी कोरी नळी ठेवलीच नाही.” त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी बसून तिच्या उरलेल्या नमुन्यांचं नियोजन नव्याने केलं.

तिसऱ्या दिवशी अपेक्षेप्रमाणे सगळ्या गटांनी एकच निष्कर्ष मांडला : सड फ्युजेरियममुळे. मी विचारलं, मग निरोगी वाफ्यांतही ते जवळपास तेवढंच का? उत्तर आलं नाही. वाचनांची संख्या म्हणजे बुरशीची संख्या नव्हे, हेही सांगितलं. एका बुरशीच्या जनुकसंचात या पट्ट्याच्या काही डझन प्रती असतात, तर दुसरीच्या शेकडो.

चौथ्या दिवशी सगळ्यांना देवगाव रंगारीला नेलं. काका बांधावर उभे होते. त्यांनी पिवळ्या झाडाचा कोंब नुसता वर ओढला आणि तो हातात आला. बुडखा पाणचट, मऊ, कुजका वास. “याला असा वास येतो ना, तवाच कळतं,” ते म्हणाले. मग उतार दाखवला, पाणी कुठे तुंबतं ते दाखवलं. मुलांनी पहिल्यांदा वह्या काढल्या.

सडक्या गड्ड्याचे तुकडे आम्ही रात्रभर निर्जंतुक पाण्यात ठेवले. पाचव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली जे धागे दिसले, त्यांत आडवे पडदे जवळपास नव्हतेच. फ्युजेरियमच्या धाग्यांत ते असतात. हे पिथियमसारखं दिसत होतं, आणि पिथियम खरी बुरशीच नाही. दिसायला बुरशीसारखं, पण वंशाने तपकिरी शेवाळांच्या जवळचं. त्याचे बीजाणू पाण्यातून पोहत जातात, म्हणून पाणी तुंबलेल्या जागी सड. आमचे प्रायमर खास बुरशीसाठी बनवलेले; ते पिथियमला बहुतेक पकडतच नाहीत. तक्ता खोटा नव्हता, आमचा प्रश्नच अपुरा होता. कार्बेन्डाझिम पिथियमवर चालत नाही. माझ्या त्या फोनची किंमत काकांनी एका हंगामाने चुकती केली होती. पुढे त्याच मातीचा डीएनए पिथियमच्या कुळासाठी असलेल्या प्रायमरने तपासला, तेव्हा खालच्या सहापैकी पाच नमुन्यांत ते निघालं. फ्युजेरियमही सडीत हात घालतंच. पण तेवढ्यावर औषध ठरवणं चूक होतं.

आज संगणकाच्या आज्ञा कुणीही चार दिवसांत शिकतो. माती कुणाची, कुठल्या टोकाची, मागच्या वर्षी तिथे काय होतं, कोणतं औषध पडलं, हे ज्याने विचारलं नाही त्याच्या हातात सुंदर आलेखच राहतो. पडद्यावरचं नाव शेवटी जिवंत वाढवलेल्या बुरशीशी ताडावं लागतं. त्यासाठी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. त्याचा उपयोग करावा.

बुरशीच्या डीएनएवर काम करणाऱ्या प्रत्येक तरुणाला माझं एवढंच मागणं आहे. नमुन्याच्या पिशवीवर क्रमांक लिहाल, त्याच वेळी शेतकऱ्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत वहीत लिहा. कोरी नळी कधी विसरू नका. आणि निष्कर्ष कळवायला शेतकऱ्याला फोन लावण्याआधी एकदा त्याच्या बांधावर जाऊन या.